प्रागच्या दगडी पायऱ्या

झल्लाक, बहरीन, शनिवार दुपार

प्रिय वरुण,

पंधरा दिवसांपूर्वी तू व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतंस, 'बाबा, ऑक्टोबरमध्ये कस्तुरीला घेऊन प्रागला जातोय. बजेट टाइट आहे. तुम्ही एक्स्पर्ट, टिप्स पाठवा.' दोन निळ्या खुणा तुला दिसल्या असतील, उत्तर काही आलं नाही. ते आज लिहितोय, आणि कागदावर. रिफाहून जुफेरला तुझ्या फ्लॅटवर यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तरी हा माणूस पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. पण आपण दोघं समोरासमोर बसलो की तिसऱ्या वाक्याला आवाज चढतात, आणि फोनवर तू 'मीटिंग आहे' म्हणून कट करतोस. रिसॉर्टच्या प्लांटरूमला लागून माझी केबिन आहे, तिथे बसलोय. भिंतीपलीकडे एसीचे चिलर चालू आहेत, त्यांच्या आवाजात कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही, ते बरं आहे. आमचा ड्रायव्हर मुख्तार संध्याकाळी पाहुण्यांना सोडायला मनामाला जाणार आहे, तो हे पाकीट तुझ्या हातात देईल. आत काय आहे ते त्याला माहीत नाही. माझं एकच मागणं आहे. क्रमाने वाच, शेवट आधी बघू नकोस.

राहण्याचं आधी सांगतो. जुन्या शहराच्या चौकाजवळ हॉटेल घेऊ नये. ट्रामने चार-पाच स्टॉप लांब, झिझकोव्ह नावाच्या भागात, घरगुती पद्धतीच्या छोट्या लॉज आहेत. खोली साधी पण स्वच्छ, आणि सकाळी पाव, लोणी, उकडलेली अंडी पोटभर. आपण तिथेच उतरलो होतो, तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. विमानतळावरून टॅक्सी करायची नाही. बाहेर बस असते, ती मेट्रोला नेऊन सोडते, आणि तेच तिकीट मेट्रोत, ट्राममध्ये सगळीकडे चालतं. चोवीस तासांचं घे. पण तिकीट घेऊन भागत नाही. ते पिवळ्या डबीत सरकवून त्यावर वेळेचा शिक्का मारावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट असून नसल्यासारखं. दर आता बदलले असतील, ते फोनवर बघ. शिक्क्याची गोष्ट बदललेली नाही.

आपल्याला पहिल्याच दिवशी ट्राममध्ये साध्या कपड्यांतल्या दोन तपासनिसांनी पकडलं होतं. तू खिडकीला नाक लावून बसला होतास. तिकिटं मी काढली होती, मशीनवरची सूचना मी वाचली नव्हती. तुझ्या आईकडे ती फक्त पर्समध्ये ठेवायला दिली होती, एवढाच तिचा संबंध. दंड भरताना मी त्या माणसांकडे बघून हसत होतो. 'सॉरी सर, फर्स्ट टाइम सर' म्हणत होतो. आणि माझा डावा हात तुझ्या आईच्या जॅकेटच्या आत होता, दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळ. तिथली कातडी मऊ असते. त्यांची पावती लिहून होईपर्यंत मी ती दोन बोटांत धरून पिळत होतो. ती ओरडली नाही. खिडकीबाहेर बोट दाखवून तुला म्हणाली, 'वरुण, तो मनोरा बघ केवढा उंच.' तू मनोरा बघितलास. आम्हा दोघांना ते हवंच होतं, फक्त कारणं वेगळी होती.

पैसे रस्त्यावरच्या काउंटरवर बदलू नकोस. 'कमिशन नाही' असं ठळक लिहिलेलं असतं आणि भाव पाटीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. बँकेच्या एटीएममधूनच काढ, आणि मशीनने 'तुमच्या चलनात दाखवू का' असं विचारलं तर नाही म्हण. नळाचं पाणी बिनधास्त पी. दुपारी ऑफिसातली माणसं जेवायला बसतात अशी जागा शोध. तिथे फळ्यावर त्या दिवसाचं जेवण लिहिलेलं असतं, गरम आणि स्वस्त, पण सोमवार ते शुक्रवारच. कस्तुरी मांसमच्छी खात नाही, तिला पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज मिळेल, सोबत बटाटे. टेबलावर न मागता पावाची टोपली आणून ठेवतात, ती फुकट नसते. हात लावला की बिलात लागते.

आईने त्या टोपलीतले दोन तुकडे कागदी रुमालात बांधून घेतले होते, तुला संध्याकाळी भूक लागते म्हणून. बिल आलं. मी ते भरलं, वेटरला टीपसुद्धा दिली. खोलीवर आल्यावर टीव्ही लावला. कुठलीतरी फुटबॉलची मॅच होती. मी आवाज वाढवला की तू उठायचास. रिफाच्या घरात तुझी खोली होती, तू आत जाऊन दार लावून घ्यायचास. तिथे दुसरी खोली नव्हती, म्हणून तू बूट चढवलेस आणि खाली रिसेप्शनवर जाऊन बसलास. तुला कुणी जा म्हटलं नव्हतं. खाली तू शहराचे नकाशे चाळत होतास, आणि वर मी माझा बूट हातात घेऊन टाचेने तुझ्या आईच्या पाठीवर मारत होतो. बुटाने अशासाठी की हाताचे वळ गालावर उठतात, लोकांना दिसतात. पाठीवरचा मार स्वेटरखाली राहतो. रागाच्या भरात माणसाला काही सुचत नाही म्हणतात. खोटं आहे, वरुण. मला सगळं सुचायचं. कुठे मारायचं, किती मारायचं, तू परत कधी येशील, शेजारच्या खोलीत कुणी आहे का. एवढं भान मला कामावरही नसायचं.

आता किल्ल्याचं. सकाळी लवकर पोचायचं, गर्दीच्या बसगाड्या यायच्या आत. आवारात फिरायला तिकीट लागत नाही. मोठ्या चर्चमध्येसुद्धा दाराजवळच्या भागात तसंच शिरता येतं, रंगीत काचा तिथूनही दिसतात. आतल्या इमारतींचं तिकीट काढायचं की नाही ते मग तिथे ठरव. उतरताना ट्राम धरू नकोस, पूर्वेच्या बाजूने जुन्या दगडी पायऱ्या आहेत, त्यांनी उतर. एका हाताला उतारावर द्राक्षांचा मळा, खाली लाल कौलं आणि नदी. पायात रबरी तळाचे बूट हवेत, कारण शहरातले सगळे रस्ते दगडी गोट्यांचे आहेत आणि त्या पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्यात.

त्या पायऱ्यांवर तुझी आई घसरली, असं तू वर्गात सांगितलंस, आजीला फोनवर सांगितलंस, आणि मला वाटतं कस्तुरीलाही कधीतरी सांगितलं असशील. ती घसरली नव्हती.

किल्ल्याच्या दाराशी तू ती साखर लावलेली भाजक्या पावाची नळी मागितली होतीस. मी नाही म्हटलं होतं. मी फोटो काढत होतो तेवढ्यात आईने स्वच्छतागृहासाठी ठेवलेल्या नाण्यांतून ती तुला घेऊन दिली. पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, आणि त्या दिवशी तिने पहिल्यांदाच खाली बघितलं नाही. 'पोर आहे ते. खाऊ दे की सुट्टीत,' एवढंच म्हणाली. पण मोठ्याने म्हणाली. आपल्यामागून एक गुजराती जोडपं उतरत होतं, त्यांना ते ऐकू गेलं आणि त्यातली बाई हसली. मला वाटलं, मला हसली. मी थांबलो, कडेला झालो, त्यांना वाट दिली. ती दोघं वळणाआड जाईपर्यंत वाट बघितली. तू दोन-चार पायऱ्या पुढे होतास. मग मी दोन्ही तळहात तुझ्या आईच्या पाठीवर ठेवले आणि ढकललं.

ती सात-आठ पायऱ्या खाली गेली. आधी डावा हात टेकला, मनगट मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत आला, मग कपाळ दगडाच्या कडेवर. तू मागे वळलास तेव्हा ती पडत होती आणि माझे हात अजून पुढेच होते. तू त्या हातांकडे बघितलंस. मग माझ्याकडे. नळी तुझ्या हातातून पडली, घरंगळत गेली. आईच्या भुवईतून रक्त डोळ्यात येत होतं आणि ती दुसऱ्या हाताने तुला चाचपत होती, तुला लागलं का म्हणून. रुग्णवाहिकेत तू माझ्या बाहीला धरून म्हणालास, 'बाबा, आय डोन्ट वॉन्ट इट. आय वोन्ट आस्क अगेन.' त्यानंतर कित्येक वर्षं तू बाहेर गेल्यावर काही मागितलं नाहीस. लोक म्हणायचे, किती शहाणा मुलगा. ते तुझ्यामुळे झालं नव्हतं, वरुण. ती नळी नसती तर दुसरं काही सापडलं असतं, मी शोधतच होतो. हे तुला अकराव्या वर्षी सांगायला हवं होतं. तू अठ्ठावीसचा झालास.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, आईला आत नेल्यावर, मी तुला बाकावर बसवलं आणि समोर गुडघ्यांवर बसलो. विचारलं, आईला काय झालं? तू दाराकडे बघत होतास. मी तुझे दोन्ही खांदे धरले. काय झालं? 'पडली.' कशी पडली? मी तुझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग एक बाई डॉक्टर आली, आखूड पिकल्या केसांची, तिने मला बाहेर थांबायला सांगितलं आणि तुला आत बोलावलं. दार अर्धं उघडं होतं. तिने सावकाश इंग्रजीत विचारलं, तुझी आई कशी पडली? तू म्हणालास, 'शी स्लिप्ड.' तिने पुन्हा विचारलं, घरी सगळं ठीक असतं ना? तू म्हणालास, 'येस मॅम.' बाहेर आल्यावर मी तुझ्या पाठीवर थाप मारली, शाब्बास म्हटलं. आयुष्यात मी तुला इतक्या मनापासून शाब्बास दुसऱ्या कशासाठी म्हटल्याचं आठवत नाही.

परत आलो. आईच्या हाताला सहा आठवडे प्लास्टर होतं, ती तशीच ईसा टाउनला शाळेच्या लायब्ररीत जात राहिली. आणि मी प्रागचा एक्स्पर्ट झालो. आपल्याकडे कुणी ना कुणी यायचं, मंडळाच्या कार्यक्रमात भेटायचं, 'राजनभाऊ, तुम्ही म्हणे अगदी कमी खर्चात युरोप केलात.' मी सांगायचो. नदीवरचा जुना पूल उजाडताना बघा, सातनंतर सेल्फीवाल्यांची झुंबड असते. चौकातल्या जुन्या घड्याळाचा खेळ बघायचाच तर पाकीट पुढच्या खिशात ठेवा, तिथे सगळे वर बघतात आणि चोर खाली. किल्ल्यापेक्षा नदीकाठची दक्षिणेची जुनी गढी गाठा, बागेत बसायला काही पडत नाही, शहर तेवढंच दिसतं. आणि बूट चांगले घाला, आमची हेमा बघा कशी आपटली. सगळे हसायचे. आई चहाचा ट्रे घेऊन उभी असायची, तीही हसायची. चाळीस तरी घरं माझ्या टिपांवर प्राग करून आली असतील. तुझा हा मेसेज वाचला तेव्हा माझी बोटं आपोआप तेच टाइप करायला लागली. 'बूट चांगले घ्या, आईसारखं' इथपर्यंत आलो आणि पुढे लिहवेना. सगळं पुसलं.

माझ्या उजव्या हातावरचा तो तपकिरी त्रिकोणी डाग तुला ठाऊक आहे. कामावर स्टीम लाइनला भाजलं, असं मी सांगत आलो. आमच्या प्लांटमध्ये स्टीम लाइनच नाही, तू इंजिनियर होऊनही कधी विचारलं नाहीस. तू सोळा वर्षांचा होतास, ट्यूशनला गेला होतास. आई तुझ्या शाळेच्या शर्टांना इस्त्री करत होती. वरच्या मजल्यावरच्या जुबैदा नर्सला तिने घरातलं काहीतरी सांगितलं, असा माझा संशय होता. मी मागून जाऊन तिचे केस मुठीत धरले आणि डोकं मागे खेचलं. तिने इस्त्री खाली ठेवली नाही. वळली आणि माझ्या हातावर टेकवली. नुसती लावली नाही, दाबून धरली. कातडी चरचरली, वास आला. मी केस सोडले तरी तिने इस्त्री लगेच काढली नाही. मग उचलली, बटण बंद केलं, शर्ट हँगरला अडकवला आणि म्हणाली, 'आता सांगा लोकांना, कामावर भाजलं म्हणून.' मी जमिनीवर बसून रडत होतो. जुबैदानेच येऊन पट्टी बांधली. मलम लावताना तिने विचारलं, 'काम पे जला है ना, भाईसाब?' मी हो म्हणालो. 'अच्छा,' ती म्हणाली, 'हेमा भी हमेशा गिरती ही थी.'

त्या दिवसानंतर मी हात उचलला नाही. तुला वाटत असेल बाबा सुधारले, वय झालं, निवळले. मी सुधारलो नाही. मी भ्यालो. दुसऱ्याला दुखतं हे मला इतकी वर्षं माहीत होतं, त्याने कधी काही अडलं नाही. मला दुखलं तेव्हा थांबलो. तुझ्या आईने मला माफ केलेलं नाही आणि मी मागितलंही नाही. एका घरात आम्ही दोन शिफ्टची माणसं राहावीत तसे राहतो, एकाचं जेवण झालं की दुसऱ्याचं ताट. तू मात्र त्या घरात मोठा झालास, आणि तू काय शिकत होतास ते बघायला कुणाला वेळ नव्हता.

मला दिसत नव्हतं असं नाही. जुलैत तुम्ही नवरा-बायको जेवायला आला होतात, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि कस्तुरी मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस घालून बसली होती. तू ग्लास जरा जोरात ठेवलास तर तिचा खांदा उडाला. ताट वाढताना ती आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मग वाढत होती. हे सगळं मी अठरा वर्षं समोरून बघितलेलं आहे, मी ओळखणार नाही तर कोण? मी बघितलं आणि विचारलं, 'आणखी आमटी?' त्यात माझी भीती होती, तू उलटून काय म्हणशील याची. आणि खरं सांगायचं तर थोडा दिलासाही होता, की मी एकटाच असा नाही. असा विचार ज्याच्या मनात येतो त्या माणसाचं तू काय ऐकणार. तरी ऐक.

मंगळवारी सकाळी अकराला कस्तुरी टॅक्सीने रिफाला आली. ती ईसा टाउनला मैत्रिणीकडे, अनुष्काकडे, राहायला गेलीय असं तू समजतोयस, तसा मेसेज तिने तुला मुद्दाम केला होता. पायात घरातल्या चपला, पिशवीत पासपोर्ट आणि आयडी कार्ड. प्रागचं हॉटेल तिने तुला न विचारता बदललं, चौकाजवळचं घेतलं, पैसे परत मिळत नव्हते, म्हणून तू तिच्या कानशिलात मारलीस. ती ओट्याच्या कडेवर आदळली, आणि खाली पडल्यावर तू लाथा घातल्यास. दोन. तिने मोजल्या होत्या. दार मी उघडलं. तिचा कान सुजला होता, मानेपर्यंत रक्ताचा ओघळ वाळला होता, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला असेल? 'पडलीस का?' तुझी आई मागून आली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तिने मला कधी नावाने हाक मारलेली नव्हती. ती म्हणाली, 'राजन, आज नको.' मला बाजूला करून तिने मुलीला आत घेतलं.

जुबैदा तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. कानाचा पडदा फाटलाय, एका बरगडीला चीर आहे. डॉक्टरने विचारलं तेव्हा कस्तुरीने तुझं नाव घेतलं. तसं लिहिलेला कागद घरी आहे. सांगलीहून तिच्या आईवडिलांचे रोज फोन येतात, ती त्यांच्याशी बोलते, रडते, पुन्हा बोलते. आम्ही तिला कसलाच सल्ला दिला नाही. मला तो अधिकार नाही, आणि तुझ्या आईने एवढंच सांगितलं, 'तू ठरव, आम्ही गाडी काढू.' तिला ठरवायला तीन दिवस लागले. काल जेवताना ती म्हणाली, 'मला तक्रार करायची आहे.' हेमा माझ्याकडे वळून म्हणाली, 'गाडी तुम्ही चालवाल. आणि आत येऊन बोलाल.'

म्हणून हे पत्र. उद्या रविवारी सकाळी आठ वाजता मी कस्तुरीला घेऊन पोलीस स्टेशनला जाणार आहे आणि माझ्या मुलाविरुद्ध जबाब देणार आहे. तुला हे पोलिसांच्या फोनवरून कळू नये, बापाकडून कळावं. तिथे ते विचारतील, तुम्हाला कसं माहीत? त्याचं उत्तर पायऱ्यांपासून सुरू करावं लागेल. ते मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही, म्हणून आधी तुला लिहिलं, कारण ज्याच्या तोंडात मी ते खोटं घातलं तो तू होतास. माझ्यामुळे तू असा झालास असं मी म्हणणार नाही, त्या आधारावर तू उभा राहू नकोस. लाथ तुझ्या पायाची होती. आज रिफाला येऊ नकोस. आलास तर फाटकात मी उभा असेन. मी अठ्ठावन्नचा आहे, तू मला सहज आडवा करशील, पण तेवढं केल्याशिवाय आत जाता येणार नाही. कॉजवेच्या पुलावरून सौदीला निघून जायचा विचार मनात आला तर गाडीची किल्ली खाली थांबलेल्या मुख्तारकडे देऊन टाक, तो मला आणून देईल. काहीतरी खाऊन घे. तुझ्या ऑफिसात जे वकील आहेत त्यांना आजच फोन कर. आणि सकाळी बोलावणं यायच्या आत तू स्वतः चालत तिथे आलास, तर माझा जबाब झाल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसलेला असेन. तुझं आत कितीही वेळ चाललं तरी उठणार नाही.

तुझाच,
आणि उद्या तुझ्याविरुद्ध सही करणारा,
बाबा